पुसलेल्या झाडाला रंग

सुनेने चित्रं काढायचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. सोमवारी ते गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं होतं, पण आमच्या हिचा हात लागला की ते हमखास बंद पडायचं. कारण सापडेना.

सुनेने विचारलं, "आई, आत्ता नेमकं काय केलंत?"

"झाड पुसलं. मग वाटलं, जरा हिरवं हवं होतं, म्हणून रंग दिला."

"पुसलेल्या झाडाला?"

"पडद्यावर रंगाची पेटी उघडीच होती की गं."

सुनेने कपाळाला हात लावला. झाड गेलं तरी पेटी त्यालाच धरून बसली होती, आणि नसलेलं झाड रंगवायला जाऊन सॉफ्टवेअर कोसळत होतं. झाड पुसताच पेटीही मिटेल, अशी दुरुस्ती तिने केली.

हिने पुन्हा करून पाहिलं. सॉफ्टवेअर टिकलं, हिचं तोंड मात्र फुगलं.

"तुझं काम झालं बाई. पण मत बदलायची माझी सोय गेली."