पाठीवरचं बोट

त्या दिवशी सकाळी मी न्हाणीत नळाजवळ उभा राहून तोंडाला साबण लावला आणि बायकोनं माझ्या पाठीला एक बोट टेकवलं. आम्ही दोघांनी मिळून केलेला शेवटचा उद्योग हाच. त्यात प्रेमबिम काही नव्हतं. ती कुरकुरत होती.

"आटपा ना लवकर. कढईत वांगे करपून रायले. तोंड धुऊन रायले का गंज घासून रायले?"

"बोट काढशीन तं पडीन मी. मंग वांगे कोन खाईन?"

"मी खाईन. सुखानं."

बोटाची भानगड अशी, की शुगरनं माझ्या पायांच्या नसा खाल्ल्या. अमरावतीच्या डॉक्टरनं मला डोळे मिटायला लावले, पायाचा अंगठा धरून हलवला आणि विचारलं, वर की खाली? मी ठोकून दिलं, "वर." बायको फिदीफिदी हसली. अंगठा खाली होता. डॉक्टर म्हणाला, पाय कुठे आहे, खाली जमीन कशी आहे, हे कातडी आणि सांधे डोक्याला सारखं कळवत असतात. तुमच्या पायांकडून खबर येणं बंद झालं. आता ते काम डोळे करतात. डोळे मिटले की पडाल.

"म्हंजे हे नुसते पाहून पाहून उभे हायेत?" बायको म्हणाली. "मले वाटे, सोताच्या भरवशावर हायेत."

तेव्हापासून साबणाच्या वेळी तिचं बोट. त्यात जोर काहीच नसायचा, पण टेकलेलं असलं की मी खांबासारखा उभा.

त्याच दुपारी जेवून ती जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. पोरगी अकोल्याहून वरूडला पोचेपर्यंत सांज झाली. मग नेलं.

मसणातून आल्यावर अंगणातच डोक्यावरून पाणी घ्यायचा आमच्यात रिवाज आहे. भाऊबंदांनी मला उभं करून बादली ओतली. पाणी डोळ्यांत गेलं, डोळे मिटले आणि मी धाडकन फरशीवर.

"लई जीव होता भौ बाईवर," एक म्हातारा गहिवरून म्हणाला. "पाह्य, कसा कोसयला."

जीव होताच. पण पडलो तो डोळे मिटले म्हणून. हे सांगायला गेलो तर बायका अजून जोरात रडायला लागल्या.

पोरीनं मात्र ओळखलं. "बाबा, तेरवी झाली का तुमी अकोल्याले, जठारपेठेत माह्या घरी चाला. इथं पडसान तं कोन उचलीन?"

तिचं खरं होतं, म्हणूनच राग आला. मला घर सोडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच साबण घेऊन नळाजवळ गेलो. पोरगी मागे आलीच.

"बाबा, धरू का?"

"चाय ठेव जाय."

ती हलली नाही. बसून तोंड धुता आलं असतं, पण बसलो असतो तर अकोलाच. पाय मेले होते, हाताची बोटं अजून शाबूत होती. डाव्या हाताचं एक बोट भिंतीला नुसतं टेकवलं आणि डोळे मिटले. अंग मागे गेलं तशी बोटाखाली भिंत सरकल्यासारखी वाटली. मी पुढे आलो. परत डुललो, परत आलो. एका हातानं तोंड चोळायला वेळ लागला. भिंत गार होती, खरबरीत होती, आणि आटपा म्हणत नव्हती. तोंड धुऊन झाल्यावरही मी जरा वेळ तसाच उभा राहिलो.

"अकोल्याले दिवाईत येईन," मी म्हणालो. "आता टावेल दे."