तीन महिने आणि एक इंच

मास्तर,

वाचनालयाच्या अंकासाठी मला तुझ्यावर लिहायला सांगितलंय. पाठीमागे लिहिण्यापेक्षा तुलाच लिहिते. तोंडी सांगायला गेलं की तू मशीन चालवतेस.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, पण गल्ली ‘मास्तर’ म्हणते ती तुला. एकोणिसाव्या वर्षी तू त्या खिडकीतल्या शिलाई मशीनवर बसलीस, ती अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत उठलीच नाहीस. जेवण तिथंच, चहा तिथंच, भांडणंही तिथूनच. मग चक्कर आली आणि डॉक्टरीणबाईंनी उपाशीपोटी रक्त घेतलं. साखर काठावर होती आणि इन्सुलिन भलतंच चढलेलं.

“तीन महिने देते,” त्या म्हणाल्या. “रोज अर्धा तास चाला, ताटातलं थोडं कमी करा. नाही उतरलं तर गोळ्या.”

तू गोळ्यांना घाबरली नव्हतीस. तुझ्या आईची नजर साखरेनंच गेली होती. “बाई, सुईत दोरा ओवता आला नाही तर मी करू काय?” एवढंच बोललीस.

दुसऱ्या दिवसापासून आपण दोघी शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारू लागलो. तुझ्या सासूबाई दारातून ओरडायच्या, “घरात फेऱ्या कमी पडतात वाटतं!”

“तुम्हीपण चला की, आई.”

“माझे गुडघे तुझ्यासारखे रिकामटेकडे नाहीत!”

तू भाताची दुसरी वाढ सोडलीस, चहातली साखर सोडलीस, चिडचिड मात्र सोडली नाहीस. दोन महिन्यांनी टेप कमरेभोवती गुंडाळून नाचत आलीस. एक इंच कमी! वजनाच्या काट्यावर मात्र चढेनास. “काटा खोटं बोलतो, बाई. टेप नाही.”

त्याच आठवड्यात तुझे कपडे घट्ट व्हायला लागले, म्हणजे गिऱ्हाइकांचे. बेकरीवालीच्या स्कर्टचं हूक लागेना. “मापात चूक नाही,” तू तिला ठणकावलंस, “तुम्हीच सुटलाय. आठ दिवसांत काय पोती खाल्लीत?” बिचारी बेकरीत बसून पाव खाईना. मग माझा कोट आला. त्यात माझा हात जाईना. मी गेली वीस वर्षं त्याच मापाची आहे. सरळ तुझा टेप उचलला आणि कापड आखायच्या लाकडी पट्टीशेजारी ठेवला. टेप तिशीला यायच्या आत पट्टी एकतिशी गाठत होती. अंगाचं माप तू टेपनं घेतेस आणि कापड पट्टीनं आखतेस, म्हणून सगळं घट्ट!

“टेपला काय केलंस?”

“धुतला. सुरकुत्या जाव्यात म्हणून खाली मोठी कात्री अडकवून वाळत घातला.”

कापडी टेप! ओला! आणि त्याला ती शेरभर वजनाची कात्री! लांबणार नाही तर काय!

मी हसले, तू हसली नाहीस. कमरेभोवती दोरा धरून तो पट्टीवर मोजला, तर तुझी कंबर होती तिथंच. काट्यावर ढकलून चढवलं, जेमतेम दीड किलो उतरलेलं. “दोन महिने पाण्यात,” म्हणालीस आणि आठवडाभर चालायलाच आली नाहीस. मी रोज सहाला येऊन तुझं दार बडवलं. आठव्या दिवशी सासूबाईच ओरडल्या, “जा गं बाई, नाहीतर ही दार मोडेल!” तेव्हा निघालीस. तिसरा महिना आपण न बोलता चाललो.

तपासणीला तुला मी हाताला धरून नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला. इन्सुलिन चांगलंच खाली आलं होतं, साखरही काठापासून मागे सरकली होती.

“पण वजन तर फारसं गेलंच नाही,” तू जवळजवळ तक्रारच केलीस.

“वजन सगळ्यात उशिरा ऐकतं. चालायला लागलात की स्नायू साखर घेऊ लागतात, मग तेवढं इन्सुलिन लागत नाही. चरबीसुद्धा रक्तात आपले निरोप सोडत असते, ते वजन थोडं उतरलं तरी बदलतात. प्रत्येकीचं सारखं नसतं, तुमचं झालंय. गोळ्या नकोत. चालत राहा.”

तू तिथंच, दवाखान्याच्या बाकावर, पर्समधून सुई काढलीस, दोरा ओवलास आणि माझ्या बाहीचं लोंबणारं बटण पक्कं केलंस. लोक बघत होते. बघू देत.

परत येताना म्हणालीस, “हे आता जन्माचंच दिसतंय. तर चालायचे बूट घेऊ, बाई. रविवारी दोघी जाऊ.” त्या रविवारी शाळेचे गणवेश आले. पुढच्या रविवारी मला पाहुणे. नंतर तुझी मशीन बिघडली. दोन वर्षं झाली. तू अजून त्याच चपला घालून माझ्यापुढं चार पावलं चालतेस, आणि बूटवाल्याच्या दुकानावरून आपण दोघी बोलत बोलत रोज पुढं जातो.