सतराव्या प्रश्नाचं उत्तर

टोटलताईचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथेच राहिलं. रुग्णालयातल्या आमच्या कानाच्या विभागात तिला सगळे टोटलताईच म्हणायचे, कारण आकडे दिसले की बेरीज केल्याशिवाय तिला राहवायचं नाही. विभागातली सगळी माहिती संगणकात भरणं हे तिचं काम. अकरा वर्षांत तिचा एकही आकडा चुकलेला मी पाहिला नाही, आणि दुसऱ्याच्या चुका शोधण्यात मी काही कमी नाही. माझ्या जिभेला हाड नाही, असं विभागात माझ्यामागे बोललं जातं. ते खरं आहे. टोटलताईला मात्र मी कधी वाकडा शब्द बोलले नाही.

माझं काम चक्कर येणाऱ्यांना तपासायचं. कानात गार आणि गरम पाणी सोडायचं, बुबुळं कशी हलतात ते बघायचं, डोळे मिटून एका रेषेवर चालायला लावायचं. पायाखालची जमीन सरकली असं आपण उगाच म्हणतो. आमच्याकडे येणाऱ्यांची खरोखर सरकते, तीही दात घासता घासता. यंत्रं कान किती बिघडलाय ते सांगतात. त्यापायी माणसाचं काय झालंय, ते यंत्राला कळत नाही. म्हणून मॅडमनी, म्हणजे आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, परक्या भाषेतली एक प्रश्नावली आपल्या भाषेत आणायची ठरवली.

अठ्ठावीस प्रश्न. उत्तरं पाचच: कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. शून्यापासून चारपर्यंत गुण. पण नुसतं भाषांतर करून भागत नाही. तराजू खरा आहे का हे बघायला एकच वजन दोनदा ठेवतात, तसं एकशे वीस रुग्णांना चौदा दिवसांच्या अंतराने तेच प्रश्न दोनदा विचारायचे होते. मधल्या दिवसांत औषध बदलायचं नाही. उत्तरं साधारण तीच आली, तर प्रश्नावली भरवशाची. मी प्रश्न वाचायची, रुग्ण बोलेल त्यावर खूण करायची, आणि फॉर्म टोटलताईकडे जायचा. "वर बघितल्यावर चक्कर वाढते का?" असं एका आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "आता वरच जायचंय, आधीपासून बघून काय करू?" त्याला किती गुण द्यायचे ते मॅडमनाही सांगता येईना.

फॉर्मवर नावाच्या जागी नुसता नंबर असायचा. नावांची वही माझ्या कपाटात कुलपात. नियम चांगला होता. तो पाळायचं काम माझ्याकडे होतं, एवढीच त्यात खोट.

टोटलताईचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. मी त्यांना भाऊजी म्हणायची. तीस वर्षं त्यांनी लोकांना वर-खाली केलं, आणि स्वतः राहायचे तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. सात महिन्यांपूर्वी त्यांचा डावा कान वाजायला लागला. एकदा सहाव्या मजल्याच्या उंचीवर, लिफ्टच्या टपावर उभे असताना पहिला झटका आला. पाऊण तास ते लोखंडी दोर धरून बसले होते. खाली आले आणि हत्यारांची पेटी त्यांनी माळ्यावर टाकली. मग घर, खिडकी आणि टोटलताईची वाट बघणं. मी एकदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा आतल्या बोळातल्या भिंतीवर एक मळकट पट्टा दिसला. हाताचा आधार घेत चालून चालून तो उमटला होता.

टोटलताईनेच त्यांना आमच्याकडे आणलं. तिने त्यांना प्रश्न विचारायचे नाहीत हे उघडच होतं, म्हणून मी विचारले. नंबर एक्केचाळीस. सोळा प्रश्न सरळ गेले. सतरावा असा होता: माझ्या आजारामुळे मी घरच्यांवर ओझं झालो आहे, असं मला वाटतं. भाऊजींनी दाराकडे पाहिलं. पलीकडच्या खोलीत टोटलताईच्या बोटांचा आवाज येत होता.

"सिस्टर," ते म्हणाले. मी सिस्टर नाही हे त्यांना अकरा वर्षं माहीत होतं. "हे कुणाला कळत नाही ना?"

"नाही भाऊजी. नावच नसतं."

"मग लिहा, नेहमी."

मी लिहिलं. आणि संध्याकाळी तो फॉर्म इतर फॉर्मांबरोबर टोटलताईच्या टेबलावर ठेवला. तो वेगळा काढायला हवा होता. दुसऱ्या कुणाकडून संगणकात भरून घ्यायला हवा होता. माझ्या डोक्यातच आलं नाही. नाव नव्हतं, पण वय एकोणसाठ होतं, धंदा लिफ्ट दुरुस्ती, डावा कान, सात महिने. नवरा ओळखायला बायकोला नाव लागत नाही.

ती मला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले दिसले, तर म्हणाली, सर्दी झालीय. त्याच आठवड्यात तिने तीन महिन्यांच्या रजेचा अर्ज लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला. मला वाटलं, दमली असेल. दुसऱ्याच्या चुका शोधणारी मी, स्वतःची समोर बसलेली मला दिसली नाही.

चौदा दिवसांनी भाऊजी परत आले. सगळी उत्तरं मागच्यासारखीच येत होती. जिना चढायची भीती, नेहमी. एकट्याने बाहेर जायची भीती, नेहमी. सतरावा प्रश्न मी वाचायला घेतला, आणि तो संपायच्या आतच ते म्हणाले, "कधीच नाही."

माझं पेन थांबलं.

"लिहा ना सिस्टर."

"भाऊजी, मागच्या वेळी…"

"मागच्या वेळचं तिला कळलंय." ते हळू आवाजात बोलत होते. "काही म्हणाली नाही ती. पण मी पाणी मागितलं तरी म्हणते, 'अहो, यात कसला आलाय त्रास!' त्रास आहे असं मी म्हटलंच नव्हतं. परवा जिन्यात माझा हात धरून म्हणाली, 'मला तुमचं करायला आवडतं.' तीस वर्षांत असलं काही बोलली नाही ती. जेवण जात नाही तिला. तुम्ही आपलं 'कधीच नाही' लिहा. ती वाचेल."

रुग्ण म्हणेल ते लिहायचं, हा नियम. मी शून्यावर खूण केली. यावेळी तरी फॉर्म बाजूला ठेवता आला असता. ठेवला नाही. तो तिच्यासाठीच भरलेला होता, आणि मध्ये पडायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी टोटलताई आली ती वेगळीच. टेबल पुसलं, माझंही पुसलं. दुपारी मला फायलींच्या खोलीत ओढून नेलं आणि माझा हात दाबून म्हणाली, "मी पाहायला नको होतं, पण पाहिलं. चारावरून शून्य! अगं, किती दिवस छातीवर दगड होता माझ्या." तिने तो रजेचा अर्ज माझ्यासमोर फाडला. मी म्हटलं, "बरं झालं ताई." एवढं हलकट वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन.

महिनाभर ती आनंदात होती. त्या महिन्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तिचा तो आनंद मी रोज बघत होते आणि गप्प होते.

मग एकशे वीस जणांचे दोन्ही फॉर्म पूर्ण झाले, आणि मॅडमनी आम्हाला आकडे बघायला बसवलं. पडद्यावर रकाने सरकत होते. प्रश्नावली चांगली ठरत होती, मॅडम खूश होत्या. एका ठिकाणी त्या थांबल्या.

"हा एक्केचाळीस बघा. सत्तावीस उत्तरं जिथल्या तिथे. फक्त सतरावा चाराचा शून्य झालाय. भरताना चूक झाली का?"

टोटलताईला चूक झाली का असं विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. ती ताठ उठली, फाइल आणली, दोन्ही फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. जिना, चार, चार. एकट्याने बाहेर, चार, चार. झोप, तीन, तीन. घरच्यांना त्रास नको म्हणून काही न मागणं, चार, चार. इथे तिचं बोट थांबलं. एवढे दिवस तिने दुसऱ्या फॉर्मचा एकच आकडा पाहिला होता. बाकीचे भरले होते, पाहिले नव्हते. ती सतराव्यापर्यंत गेली, परत वर आली, पुन्हा खाली गेली. जिन्याला तितकाच घाबरणारा, तितकाच जागा राहणारा, तितकंच काही न मागणारा माणूस चौदा दिवसांत स्वतःला ओझं समजायचा थांबत नाही. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"भरलंय बरोबर, मॅडम," ती म्हणाली. "उत्तर खोटं आहे."

"एक्केचाळीस नंबर माझे यजमान. पहिला फॉर्म मी वाचला आणि घरी जाऊन तसं वागले. त्यांना कळलं. दुसरं उत्तर माझ्यासाठी दिलंय त्यांनी. हा फॉर्म काढून टाका."

तेव्हा माझंही तोंड उघडलं. फॉर्म तिच्याकडे मी दिला, दोन्ही वेळा मीच दिला, आणि दुसऱ्या वेळी मला सगळं माहीत होतं, हे मी सांगितलं. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसता एक्केचाळीसचा रकाना पुसला. अहवालात एकशे एकोणीस रुग्ण आहेत.

टोटलताई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर दोन दिवस रजेवर होती. सोमवारी आली, नेहमीसारखी बसली. दुपारी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "विचारलं काल त्यांना."

"काय?"

"सतरावा. जेवणं झाली, मी समोर बसले, आणि म्हटलं, आता खरं सांगा. म्हणाले, नेहमी."

मी खाली मान घालून ऐकत होते.

"मग तू काय म्हणालीस?"

"मला काही बोलूच दिलं नाही. म्हणाले, आता तू सांग. तुला मी ओझं वाटतो का? तीस वर्षांचा संसार आमचा, पण असं कधी कुणी कुणाला विचारलं नव्हतं. 'छे, काहीतरीच काय' असं तोंडावर आलं होतं माझ्या. पण पुन्हा तेच होणार होतं ना? त्यांनी खोटं बोलायचं माझ्यासाठी, मी त्यांच्यासाठी. मग म्हटलं, कधी कधी."

"ताई!"

"खरं तेच सांगितलं. कधी कधी वाटतं गं. जिने चढून येते, पाय भरून आलेले असतात, आणि दार उघडायच्या आधी वाटतं."

"मग? ते काय म्हणाले?"

टोटलताईने पदराने चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"माझा हात घट्ट धरला आणि रडले. म्हणाले, कधी कधीच? मी इतके दिवस 'नेहमी' धरून चाललो होतो."