ढाब्यावरून आलेलं पिल्लू आणि पार्वो

लग्न होऊन मी भिवंडीजवळच्या राहनाळला आले, तेव्हा सासरच्या भाताच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलेलं होतं. घराच्या मागच्या दारातून पूर्वी म्हणे खाडीपर्यंत नजर जायची. मला दिसले ते निळे पत्रे, कापडाच्या गाठी आणि ट्रक मागे घेणारे क्लीनर. घरात आम्ही तिघंच. नवरा हायवेवर वडपे गावातल्या एका ट्रान्सपोर्टमध्ये कामाला होता, तो सकाळी जायचा तो दिवे लागल्यावरच यायचा. दिवसभर मी आणि सासू. आमचं भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. ती आगरी बोलीत भराभर बोलायची, मी शहापूरकडची, मला अर्धंच कळायचं. दोनदा "काय म्हणालात?" असं विचारलं की ती हात झटकून "काय न्हाय" म्हणायची आणि कामाला लागायची.

माहेरी आमच्याकडे कायम कुत्री असायची. त्यांची मला किती आठवण येते हे मी नवऱ्याला बोलता बोलता सांगितलं असेल. एका संध्याकाळी तो आला तो शर्टाच्या आत काहीतरी धरूनच. वडप्याच्या ढाब्यावर एका कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यातलं एक त्याने उचलून आणलं होतं. पांढरं, एक कान तपकिरी, पोट टम्म.

"कनाला आनलास?" सासू ओट्यावरूनच ओरडली. "मना कुत्रा नको दारात."

"आये, हिला दिवसभर करमत नाही गं."

"करमत न्हाय? मंग मी कोन हाय?"

मला हसू फुटलं. तीही हसली, पण तोंड फिरवून. पिल्लू राहिलं. नाव मात्र तिने ठेवू दिलं नाही. "नाव ठेवलं का जीव लागतो," एवढंच म्हणाली.

कुत्री नको म्हणणाऱ्या या बाईचं एक गुपित मला आधीच कळलं होतं. गोडाऊनच्या मागे फाटक्या ताडपत्र्यांच्या ढिगाखाली एक तपकिरी कुत्री तीन पिल्लं घेऊन राहत होती. दुपारी जेवणं झाली की सासू उरलेला भात आणि कालवण एका पत्रावळीवर घेऊन तिकडे जायची. मी बघतेय असं दिसलं की म्हणायची, "कावल्यांना." कावळे काही बोंबलाचं कालवण कालवून मागत नाहीत. आता आमचं पांढरं पिल्लूही तिच्या मागोमाग तिकडे धावू लागलं आणि त्या तिघांशी लोळून खेळू लागलं.

थोडेच दिवस हे सगळं छान चाललं. मग एका सकाळी पिल्लू माझ्या पायात आलं नाही. बघते तर पाण्याच्या पिंपामागे अंग चोरून बसलेलं. भाकरी दिली, तोंड फिरवलं. नाकाला हात लावला, गरम. थोड्या वेळाने पिवळट फेस ओकलं. पोटात जंत झाले असतील असं मला वाटलं, माहेरी असंच व्हायचं. सासू म्हणाली, "हलदीचं दूध दे." दूध दिलं, तेही ओकून टाकलं. दुपारपर्यंत त्याला जुलाब सुरू झाले, पाण्यासारखे आणि मग लाल. आणि तो वास! मासे साफ करण्यात आयुष्य गेलेल्या माझ्या सासूनेही नाकाला पदर लावला.

मी रिक्षा बोलावली. सासूला चला म्हटलं नव्हतं. ती आपला जुना टॉवेल घेऊन माझ्या आधी रिक्षात जाऊन बसली.

भिवंडीत तेव्हा कुत्र्यामांजरांचे डॉक्टर शोधावे लागत. आम्ही गेलो ते डॉक्टर मुख्यतः तबेल्यांतल्या म्हशी बघायचे. दारात उभे राहूनच त्यांनी हात वर केला. "थांबा, आत आणू नका. बाहेरच्या बाकावर ठेवा." आम्हाला वाटलं हाकलतायत. पण ते स्वतःच बाहेर आले, पिल्लाच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही, तंबूसारखी तशीच उभी राहिली. हिरड्या बघितल्या. मग विचारलं, "लस टोचलीय?"

"ढाब्यावरून आणलंय," मी म्हटलं.

"म्हणजे नाही. पार्वो आहे हा. वासावरूनच कळतं, तरी वासावर सगळं ठरवत नाही. लहान पिल्लू, लस नाही, खाणं बंद, उलट्या, रक्ताचे जुलाब, सगळं जुळतंय."

"औषध द्या ना मग," सासू म्हणाली.

"आई, या रोगाला मारणारं औषध नाही. यात पिल्लू मरतं ते अंगातलं पाणी संपून. आणि आतडी सोलवटून निघतात, त्यातून दुसरे जंतू रक्तात शिरतात. आपण पाणी भरत राहायचं, उलटी थांबवायची, त्या जंतूंसाठी इंजेक्शनं द्यायची, ऊब द्यायची. लढायचं त्यालाच आहे. आणलंत वेळेवर, पण वाचेलच असं मी सांगणार नाही."

"दूध देऊ का हलदीचं?"

"दूध अजिबात नाही. उलटी थांबेपर्यंत तोंडावाटे काहीच नाही."

 मग डॉक्टरांनी विचारलं की घराजवळ आणखी पिल्लं आहेत का. "तीन हायत, गोडाऊनच्या मागं," सासूनेच सांगितलं.

त्यांनी समजावलं ते मला अजून आठवतं, कारण ते आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीला लागू होत होतं. हा रोग विष्ठेतून पसरतो. मातीत, चपलांना, भांड्यांना, कपड्यांना चिकटून महिनोन् महिने जिवंत राहतो. माणसांना होत नाही, पण माणसं तो पायाला लावून फिरतात. फिनेलला तो दाद देत नाही, ब्लिचिंग पावडरचं पाणी लागतं. आजारी पिल्लू वेगळं ठेवायचं, आणि जो त्याला हात लावेल त्याने दुसऱ्या पिल्लांकडे जायचं नाही.

प्रश्न होता, आमचं पिल्लू जिथे लोळलं त्या मातीतून त्या तिघांना न्यायचं कुठे. शेजारी एका चाचांचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, होते. त्यांचं घराणं या गावात कितीतरी पिढ्यांचं. माझ्या सासऱ्यांचे ते बालपणाचे दोस्त. त्यांच्या घरात कुत्रं चालत नसे, म्हणून मी विचारायलाच कचरत होते. सासू सरळ जाऊन उभी राहिली. चाचांनी ऐकून घेतलं, दाढी खाजवली.

"भाभी, घरात न्हाय जमणार, तुम्हाला ठाऊक हाय. पन लूमच्या मागं पत्र्याखाली जागा मोकली हाय. तिथं ऱ्हाऊ देत. टेन्शन मत लो."

नवऱ्याने आणि चाचांच्या कारागिरांनी तपकिरी कुत्रीला भाताच्या लालचेने तिकडे नेलं. डॉक्टर येऊन बघून गेले. दोन पिल्लं ठणठणीत वाटत होती, त्यांना लस टोचली. "पण ही लगेच काम करत नाही," ते म्हणाले. "लागण आधीच झाली असेल तर काही उपयोग नाही. लक्ष ठेवा." तिसरं पिल्लू, सगळ्यात दांडगं, त्या दिवशी नुसतंच मलूल होतं. त्यालाही लागण झालीय असं डॉक्टर म्हणाले, म्हणून त्याला आम्ही घरी, आमच्या पांढऱ्याजवळ आणलं.

मग आमचं घर म्हणजे इस्पितळ झालं. पडवीतल्या कपड्यांच्या दोरीवर सलाइनच्या बाटल्या लटकल्या. डॉक्टर सकाळी येऊन पुढच्या पायात सुई लावून जायचे, बाटली संपेपर्यंत आम्ही एकेक पिल्लू मांडीवर धरून बसायचो. वीज तर दुपारी जायचीच. लूम बंद पडले की गाव एकदम गप्प व्हायचं आणि थेंब पडताना दिसायचे तेवढेच. दिव्याची ऊब देता येत नसे, म्हणून सासू बाटल्यांत गरम पाणी भरून, जुन्या लुगड्यात गुंडाळून पिल्लांच्या कुशीला लावायची.

अशाच एका दुपारी ती बोलायला लागली. हळूहळू, मला कळेल असं. माझ्या सासऱ्यांनी एक काळा कुत्रा पाळला होता. तो त्यांच्याबरोबर शेतावर जायचा, बांधावर बसायचा. सासरे गेले, शेत गेलं, गोडाऊन झालं. कुत्रा मात्र रोज त्याच वेळी त्याच जागी जाऊन बसायचा. तिथे आता ट्रक उभे राहायचे. "त्याला कोन सांगनार, शेत न्हाय आता?" एक दिवस मागे येणाऱ्या ट्रकखाली तो गेला. "तवापासून मी म्हनलं, नको बाबा." मांडीवरच्या पिल्लाच्या डोक्यावरून तिचं बोट फिरत होतं. मी तिचा दुसरा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही.

दांडगं पिल्लू वाचलं नाही. सकाळी डॉक्टर आले तेव्हा ते तिच्या मांडीवर थंड पडलेलं होतं आणि ती तशीच बसून होती. त्याला चुन्यात खोल पुरलं. पुरताना नवऱ्याने खड्ड्यातून मान वर केली नाही. ढाब्यावरून मीच आणलं, एवढं तो एकदाच म्हणाला. सासू म्हणाली, "बायकोसाठी आनलास. रोग दिसतो का कुनाला?" आणि त्याला चहा करून दिला.

पांढऱ्याची उलटी थांबली तेव्हा आम्ही कुणालाच सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. आधी चमच्याने पाणी. ते पोटात राहिलं. मग तांदळाची पेज, अगदी पातळ. मग कोंबडीचं नुसतं पाणी, तिखटमिठाशिवाय. सासूने आयुष्यात पहिल्यांदा असं बेचव शिजवलं असेल. ते चाखून तिने असं तोंड केलं की मी पोट धरून हसले. एका सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि पायाला काहीतरी टोचलं. बघते तर पिल्लू, हाडांचा नुसता सापळा, माझ्या साडीचा काठ चावत होतं. सासूला हाक मारायला वळले. ती मागेच उभी होती. "बगतेय गो," म्हणाली आणि डोळे पुसले.

लूमच्या मागची दोन्ही पिल्लं आजारी पडलीच नाहीत. चाचा रोज त्यांची बातमी कुंपणावरून ओरडून द्यायचे, "दोनो फर्स्ट क्लास!" आमच्या घरात मात्र धुणं सुरू झालं. पिल्लांखालची बारदानं जाळली, चपला ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवल्या, पडवी इतकी घासली की लाद्यांचा रंग उडाला. पुढे कितीतरी महिने, लस न टोचलेलं एकही पिल्लू सासूने अंगणात टेकू दिलं नाही.

त्या दोन पिल्लांच्या लसी काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा टोचायच्या होत्या. पहिल्या वेळी मी गेले. पुढच्या वेळी सासू म्हणाली, तू राहू दे, मी जाते. तिने मासळीची जुनी पाटी धुऊन घेतली, त्यात टॉवेल अंथरला, दोन्ही पिल्लं बसवली, पाटी डोक्यावर घेतली आणि रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने कुरकुर केली असावी, कारण तिचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला.

"तुजी लस टोचलीस का? ह्यांची टोचलीय. चल, मीटर टाक."