एकतीस चिठ्ठ्या, एकच वाक्य

वंदना शेंडे. केमिस्ट्री लॅबच्या अटेंडंट, नोकरी सतरा वर्षांची. मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या हातात सस्पेन्शनचं पत्र दिलं गेलं आणि सव्वाबाराला गार्डने त्यांच्याकडून लॅबच्या किल्ल्या काढून घेतल्या. आरोप – "विद्यार्थिनीची बिघडलेली अवस्था माहीत असूनही वरिष्ठांना कळवली नाही."

हे सगळ्यात आधी लिहिलं, कारण पुढचं ऐकलं की लोक चिठ्ठ्यांमध्ये अडकतात आणि बाईंना विसरतात.

आता माझ्याबद्दल. मी इंदूरच्या एका खाजगी कॉलेजात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिथल्याच अन्नपूर्णा भागात राहते, आणि भूत, भानामती, ऊर्जा, व्हायब्रेशन यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. नव्हता, असं लिहिणार नाही. आजही नाही. फर्स्ट इयरपासून विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहितेय. पत्रक लिहिणाऱ्या माणसाला एक सवय लागते – कुठलीही विचित्र गोष्ट घडली की आधी विचारायचं, यात फायदा कुणाचा? या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही मी तेच विचारते, आणि ॲडमिन मला त्यावरून दोनदा ओरडलेत. असो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पोस्ट उडेल म्हणून.

झालं असं. लॅबच्या आत डबा न्यायला बंदी आहे. सगळ्या मुलींचे डबे बाहेरच्या रॅकवर, वंदनाताईंच्या नजरेखाली असतात. जेवणाच्या सुट्टीनंतरचं प्रॅक्टिकल संपलं की त्या स्वतः एकेकीच्या हातात डबा देतात – जेवण झालं का, आज काय होतं, अशी चौकशी करत. हॉस्टेलला राहणाऱ्या एका मुलीचा डबा रोज तेवढाच जड लागायला लागला. सकाळी मेसमधून आणलेला, दुपारी तसाच परत. दहा-बारा दिवस. वंदनाताईंनी विभागप्रमुख सरांना सांगितलं. एकदा नाही, तीनदा. सर म्हणाले, "देख लेंगे."

मग ती मुलगी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. डोक्याला सात टाके. आता ती खांडव्याला आपल्या घरी आहे, बरी आहे, आणि तिच्याबद्दल मी याहून जास्त काहीही लिहिणार नाही.

तिच्या वडिलांनी कॉलेजला विचारलं – कुणाच्याच लक्षात आलं नाही? कॉलेजात "स्टुडंट वेलनेस" नावाचं पोर्टल आहे. इन्स्पेक्शनच्या वेळी त्याचा मोठा फ्लेक्स लागतो. त्यावर कुणाबद्दल काळजी वाटली तर नोंदवायची. पण लॉगिन फक्त शिक्षकांना! अटेंडंट, शिपाई, गार्ड, मेसच्या बायका, म्हणजे ज्यांना खरंच काही दिसतं, त्यांना नाही. पोर्टलवर नोंद नाही म्हणजे सांगितलं नाही. सांगितलं नाही म्हणजे दोषी वंदनाताई. किती सोपं आहे बघा.

शनिवारी अकरा वाजता सुनावणी ठेवली होती. मी ठरवलं, साक्षी गोळा करायच्या. त्यांनी सांगितलं होतं हे कुणीतरी ऐकलं असेलच ना.

इथे माझा एक जुना गुन्हा कबूल करावा लागेल. आम्ही संघटनावाले लोकांना नमुना अर्ज देतो. खाली फक्त नाव घाला, सही करा, द्या. मागच्या वर्षी हॉस्टेलच्या पाण्यावरून आम्ही असे साठ अर्ज दिले होते. प्राचार्यांनी ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि म्हणाले, "वाह भई, सबका पेट एक ही कॉमा पर ख़राब हुआ है?" अख्खं ऑफिस हसलं. अर्ज गेले केराच्या टोपलीत. पाणी आजही तसंच येतं.

म्हणून या वेळी नमुना नाही. उरलेल्या पत्रकांचे मी स्वतः घरी बसून चार-चार तुकडे केले. पाठची बाजू कोरी. शुक्रवारी सकाळी कॉलेजभर फिरले, चिठ्ठ्या वाटल्या आणि एवढंच सांगितलं – कॉलेजात तुम्हाला कशाची काळजी वाटते ते तुमच्या शब्दांत लिहा, नाव नको. वंदनाताईंचं नावसुद्धा घेतलं नाही. मुद्दाम. बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता, त्याला वर फट पाडली होती. तो पूर्ण वेळ माझ्या मांडीवर होता. पूर्ण वेळ!

एकतीस चिठ्ठ्या आल्या. दुपारी कँटीनमागच्या पायऱ्यांवर बसून अक्षय आणि मी उघडल्या. अक्षय म्हणजे आमच्या संघटनेचा सेक्रेटरी.

पहिली चिठ्ठी – वॉटर कूलरमध्ये शेवाळ आहे. आणि खाली एक ओळ: "लड़की डिब्बा भरा का भरा वापस ले जाती है, आप एक बार बैठकर पूछ लो."

मला वाटलं, चला, निदान एकाने तरी ऐकलं होतं.

दुसरी चिठ्ठी – इंटर्नलचे मार्क उशिरा लागतात. खाली तीच ओळ. तिसरी – पार्किंगमध्ये दिवा नाही. खाली तीच ओळ. चौथी मराठीत होती, पण ती ओळ हिंदीत. एकाने रोमन लिपीत लिहिलं होतं. अक्षरं वेगळी, पेनं वेगळी, एक तर हिरव्या शाईत. शब्द तेच. एकतीसच्या एकतीस.

मी अक्षयकडे बघितलं.

"भिया, खरं सांग. तू नमुना वाटलास?"

"तू पागल झालीस का रेणू? डबा तर तू मांडीवर घेऊन बसली होतीस, अंडी उबवल्यासारखी!"

"मग सगळ्यांना हे कुणी पढवलं?"

"मला काय माहीत! माँ क़सम, मी सकाळपासून फक्त पोहे खाल्लेत."

आमचं चांगलंच भांडण झालं. मग मला दुसरा संशय आला, आणि तो जास्त पटण्यासारखा होता – हे मॅनेजमेंटचं काम. आमच्या साक्षी कचऱ्यात घालायच्या असतील तर सगळ्या एकसारख्या करून ठेवणं यापेक्षा सोपा उपाय कुठला? पण मग कागद? ते माझेच होते, पाठीवर माझंच पत्रक. आणि ते वाक्य तर त्यांच्याच विरुद्ध जातं... स्वतःच्या पायावर कोण धोंडा मारून घेईल?

संध्याकाळी साडेपाचला मल्हारगंजला वंदनाताईंच्या घरी गेले. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी वाक्य वाचून दाखवलं. त्यांचे हात थांबले.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, सरांना सांगितलं होतं म्हणून."

"सांगितलं होतं एवढंच म्हटलं मी तुला. शब्द कुठे सांगितले?" त्या हळूच म्हणाल्या. "तिसऱ्या वेळी सरांच्या केबिनमध्ये गेले होते. दार त्यांनी स्वतः उठून लावलं. आम्ही दोघंच होतो, बेटा. हेच बोलले मी. अगदी हेच. घरी शेंड्यांना पण नाही सांगितलं."

आता लिहायला लाज वाटते, पण मला त्यांचाही संशय आला. नोकरी जातेय, बाईंनी चार जणांना फोन केले असतील... माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. त्यांनी ओट्यावरचा मोबाइल उचलून माझ्यासमोर ठेवला. "घे, बघ."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी बघितला. मंगळवारपासून त्यांना आलेले फोन – बहीण, गॅसवाला, मी. त्यांनी केलेले – बहीण, मी. बस. मोबाइल परत दिला तेव्हा त्या चहा टाकायला उठल्या.

शनिवारी सकाळी साडेनऊला मी एक प्रयोग केला. कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच्या एक नवीन मॅडम आल्यात, नाशिकच्या. महिनाही झाला नाही. केमिस्ट्रीची लॅब कुठे आहे हेही त्यांना माहीत नव्हतं, मी विचारलं. वंदना शेंडे हे नावही ऐकलेलं नव्हतं. कँटीनमध्ये त्यांच्यासमोर बसले, एक कोरी चिठ्ठी दिली, तेच सांगितलं – तुमच्या शब्दांत लिहा. आणि नजर कागदावरून हलवली नाही.

मॅडम लिहिता लिहिता बोलत होत्या. मुलीला इथल्या शाळेत हिंदी जड जातंय, घरमालक बरे आहेत, इंदूर स्वच्छ आहे बाई... कागदावर मराठीत उमटत होतं – स्टाफच्या टॉयलेटला आतून कडी नाही. पूर्णविराम. पेन थांबलं नाही. बोलणंही थांबलं नाही. मॅडम आपल्या मुलीच्या शाळेच्या रिक्षाचं काहीतरी सांगत होत्या, आणि त्याच वेळी त्यांचा हात हिंदीत लिहीत होता, "लड़की डिब्बा भरा का भरा..."

भर सकाळ होती. मागे कढईत समोसे पडत होते, तीन पोरं क्रिकेटवरून भांडत होती.

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "एवढं पुरे ना?"

"मॅडम, काय लिहिलंत?"

"टॉयलेटच्या कडीचं. का गं?"

मी घडी उलगडून दाखवली. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "अक्षर माझंच आहे..." मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पर्स उचलली आणि म्हणाल्या, "हे बघ, मी प्रोबेशनवर आहे. माझं नाव यात नको." आणि गेल्या. चहा तसाच.

अकरा वाजता सुनावणी. टेबलापलीकडे प्राचार्य, ट्रस्टचे एक वकील आणि विभागप्रमुख सर – हो, ज्यांना सांगितलं तेच समितीत! अलीकडे वंदनाताई आणि मी. कोपऱ्यात मिनिट्स लिहिणारे क्लार्क. मी बत्तीस चिठ्ठ्या ठेवल्या. प्राचार्यांनी दोन वाचल्या, चार चाळल्या आणि खुर्चीत मागे रेलले.

"बेटा, पिछली बार कॉमा था, इस बार पूरा वाक्य? तरक़्क़ी कर रहे हो आप लोग."

वकील हसले. सर हसले नाहीत. त्यांनी एक चिठ्ठी उचलली, मग दुसरी, मग हिरव्या शाईची. चष्मा काढला. आणि टेबलाकडे बघतच म्हणाले, "लेकिन... ये तो बंद केबिन में बोला था इसने."



प्राचार्यांनी विचारलं, "मतलब, बोला था?"

सरांनी चष्मा लावला. "नहीं नहीं. मेरा मतलब, ऐसी कोई बात हुई ही नहीं."

मी ओरडले – पहिलं वाक्य लिहा! त्यांनी आत्ता काय म्हटलं ते लिहा! क्लार्कनी प्राचार्यांकडे बघितलं, प्राचार्यांनी घड्याळाकडे. मिनिट्समध्ये दुसरं वाक्य आलं. पहिलं नाही. चिठ्ठ्यांवर शेरा पडला – "पूर्वनियोजित, एकाच व्यक्तीने लिहून घेतलेल्या." ज्यांनी लिहिलंय त्यांनी नावानिशी समोर यावं, तोवर सस्पेन्शन कायम.

नावानिशी कोण येणार? अक्षर ओळखून मी नऊ जण शोधून काढले. नऊही जण म्हणतात, अक्षर माझं, पण मी हे लिहिलेलं नाही. खोटं बोलत असतील असंही वाटून पाहिलं. हिरव्या शाईवाला फर्स्ट इयर कॉमर्सचा मुलगा आहे. चिठ्ठी बघून तो आधी हसला, मग म्हणाला, "दीदी, ये लड़की ठीक तो है ना?" तो खोटं बोलत नव्हता. मला माणसं कळतात.

आता इथे उत्तरं येतील, मला माहीत आहे. मास हिस्टेरिया म्हणाल – शब्दान् शब्द? कुणीतरी दाराला कान लावला म्हणाल – मग नाशिकच्या मॅडमचं काय? मी बनवून लिहितेय म्हणाल – तर मिनिट्सच्या विरुद्ध, माझ्या नावावर, डिग्री हातात यायच्या आधी मी हे का लिहीन? मी सगळ्या बाजूंनी संशय घेऊन बघितला. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. शेरा मारून परत दिलेल्या बत्तीस चिठ्ठ्या माझ्या कपाटात आहेत. वंदनाताई घरी आहेत, आणि त्यांच्या जागी लॅबमध्ये जो नवीन मुलगा आलाय तो रॅककडे पाठ करून मोबाइल बघत बसतो.

म्हणून लाइक नकोत, हात जोडलेले इमोजी नकोत, "बाप रे" तर अजिबात नको. तुमच्यापैकी कितीतरी जण शिक्षक आहात, ऑफिसर आहात, कुठल्या ना कुठल्या केबिनमध्ये बसता. कधीतरी एखादी बाई, एखादा शिपाई दाराशी येऊन कुणाबद्दल तरी काहीतरी सांगून गेलाय आणि तुम्ही "बघतो" म्हणालात. आठवतंय. आठवतंय तुम्हाला. उठा, कागद घ्या. कोण आलं, कुणाबद्दल बोललं, कुठल्या दिवशी, काय शब्द होते – लिहा, खाली तुमची सही करा आणि सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आत तो कागद जो सांगायला आला होता त्याच्याच हातात द्या, उद्या त्याच्यावर आळ आला तर दाखवायला.