खाऱ्या पाण्यात बुचकळलेली कुत्री

कोलशेतच्या खाडीकाठी उर्सुला मासे सुकवायची. दादला तरणाताठा खाडीत बुडाला, तेव्हापासून घरात ती आणि तिची कुत्री, दोघीच. कुत्रीचं नाव सुकट. बांबूंवर बोंबील टांगले की सुकट खाली बसायची, मग कावळ्याची उतरायची टाप नव्हती. अंगानं गुटगुटीत, केस असे तुकतुकीत की पाणी ठरू नये.

प्लेगच्या साली ठाण्याहून एक तरुण डॉक्टर सूक्ष्मदर्शक घेऊन आला आणि क्रुसाच्या चौथऱ्यावर तो मांडून बसला. जंतू म्हणजे काय ते गावाला दाखवायला त्यानं सुकटच्या पाठीवर कापूस घासला, काचेवर पुसला, रंग टाकला. ज्यानं त्यानं डोळा लावला. करवंदांच्या घोसासारखे निळे ठिपके दिसले. डॉक्टर सांगत होता की कुत्री धडधाकट आहे, हे जंतू तिच्या कातडीवर नांदतातच, माणसाच्याही असतात, प्लेगचे हे नव्हेत. पण तोवर जंतू हा एक शब्द घेऊन गाव घरी पळालं होतं.

संध्याकाळी पाटील वॉल्टरनं बैठक बोलावली. घरटी कुणी ना कुणी पुरलेलं, माणसं भ्यालेली. ठरलं की कुत्री मारायची, नाहीतर मिठागरातल्या आटवलेल्या पाण्यात रोज बुचकळायची. मीठ लावल्यावर मासा कुजत नाही, तर कुत्र्याचे जंतू का मरणार नाहीत? उर्सुला म्हणाली, मीठ मेलेल्या माशाला लावतात. बैठक हसली आणि उठली.

त्यातच वसईहून बहिणीच्या बाळंतपणाचा निरोप आला. कुत्री दिरावर, सेलेस्टीनवर सोपवून उर्सुला गेली. परतली तर सुकट ओळखू येईना. कातडी चिरलेली, केस मुठीनं गळालेले, जखमांवर माशा. सेलेस्टीन मान खाली घालून म्हणाला, "वैनी, मारत होते तिला. मी भिजवून वाचवली." यावर उर्सुलानं त्याला जे सुनावलं ते कागदावर उतरवण्याजोगं नाही.

गाव मात्र म्हणू लागलं, बघा, जंतू फुटून बाहेर आले. आता मारायलाच हवी.

उर्सुलानं कुत्री टोपलीत घातली आणि भर दुपारी गोड्या विहिरीवर नेली. स्वतःच्या दोरानं पाणी शेंदलं आणि धुणं धुवायच्या दगडावर तिचं अंग हातानं चोळून मीठ काढू लागली. बायका घागरी उचलून मागं सरल्या. वॉल्टर सोटा घेऊन आला.

"उर्सुला, कुत्री हितं ठेव आनि बाजूला हो."

"जंतू होतं तवा ती बरी होती," उर्सुला म्हणाली. "ही घान तुज्या मिठाची. तुज्या पोरीच्या लग्नात याच हातानं हिला कुरवाळून मी भाकऱ्या थापल्या. चार खाल्ल्यास. तवा नाय मेलास?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. वॉल्टर चिडला. आजपासून तुला विहीर बंद म्हणाला आणि दोर हिसकायला पुढं झाला. उर्सुलानं दोर मागं ओढला नाही. कुत्रीच्या अंगावरून काढलेला ओला हात तिनं दोरासकट त्याच्यापुढं धरला.

"घे ना. धर."

वॉल्टरचा हात हवेतच राहिला. त्यानं त्या बोटांकडं पाहिलं, मग बायकांकडं. तो एक पाऊल मागं गेला तशी ती एक पाऊल पुढं आली. सोटा होता, पण मारायला जवळ जावं लागलं असतं.

उर्सुला वळली आणि बादली पुन्हा विहिरीत सोडली.

पुढं रोज दुपारी ती येई, आधी पसरलेला हात दाखवी, मग पाणी शेंदी. वाट आपोआप मोकळी होई. गोडं पाणी आणि खोबरेल यांवर सुकट सावरली. केस आले, पाठीवर एक टक्कल तेवढं राहिलं. त्या हंगामात उर्सुलाच्या बोंबलांना गावात कुणी हात लावला नाही. तिनं आणि सुकटनं ते क्रुसाच्या चौथऱ्यावर बसून, सगळ्यांच्या देखत, भाजून खाल्ले.