दगडी मनोऱ्यातला दोर
ओल्या दगडाचा आणि मेणाचा वास आला की मला आखन शहराजवळच्या त्या खेड्यातलं जुनं चर्च आठवतं. लग्न होऊन नुकतीच जर्मनीत आलेली मी स्वतःला फार शहाणी समजत होते. दारावरच उंच मनोरा, हातभर जाड भिंती, टोकदार कमानी, आणि लाकडी छताच्या भोकातून खाली लोंबणारा दोर. "अहो, घंटा!" म्हणत मी बूट काढले आणि दोर दोन्ही हातांनी ओढला, बाईसाहेब आल्यात हे देवाला कळायला नको? "अगं, थांब!" असं आमचे हे ओरडेपर्यंत सगळं खेडं दणाणलं होतं. आमची म्हातारी घरमालकीण पिठाच्या हातांनी धावत आली. तिथे अवेळी घंटा वाजली की कुणीतरी गेलं असं समजत, आणि तिचा नवरा इस्पितळात होता. "माझा गेला का?" तिनं विचारलं. "नाही, नाही, घंटा हिनं वाजवली," हे पुटपुटले. ती मटकन बाकावर बसली. मी मोज्यांवर उभी, हातात दोर तसाच. आजही चर्चमध्ये शिरताना मी दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबते. नात जर्मनमध्ये विचारते, "आजी, थंडी वाजते?" मी मराठीत सांगते, "हो गं, फार."